जुन्या गाडीची चाकं: रंगवून घेऊ की पावडर कोटिंग करू?

स्टेपनी_पाचवी

नमस्कार मंडळी. गाडी 30 वर्षांच्या आसपासची आहे, वडिलांच्या हातची, आता रोज मी चालवते. इंजिन, सस्पेन्शन मार्गी लागलं, आता चाकांकडे वळलेय.

चाकांचे दोन सेट आहेत. एक मूळचा: 13 इंची स्टीलच्या रिम, चार आणि एक स्टेपनी. चंदेरी रंग जागोजागी उडालाय, व्हील कॅपच्या क्लिपा बसतात तिथे गंज धरलाय आणि ब्रेककडच्या बाजूला पोपडे निघतायत. दुसरा सेट त्याच काळातल्या ओतीव अलॉयचा, चार चाकं. त्यातल्या दोघांच्या कडा घासून चांगल्याच खरवडल्या आहेत आणि वरच्या पारदर्शक क्लिअर कोटखाली पांढऱ्या नागमोडी रेघा पसरल्या आहेत.

एकाने सांगितलं, सगळ्याला पावडर मारून टाक, परत बघायला नको. दुसऱ्याचं म्हणणं, अलॉय भट्टीत घातलं की कमजोर होतं, हात लावू नकोस. तिसरा म्हणतो, स्टीलच्या रिम घरीच स्प्रेचे डबे आणून रंगव, पुरे झालं. गाडी विकायची नाही, प्रदर्शनात ठेवायची नाही. रोज पावसापाण्यात, खडीच्या रस्त्यावर चालवायची आहे. पण दिसायला मूळच्यासारखी दिसावी, ही इच्छा आहेच. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी सांगा, काय करू?

भट्टीवाला

ताई, माझं काम पावडर कोटिंगचंच. तरीही सगळ्या चाकांना पावडर मारा असं मी म्हणणार नाही. तुमचे दोन सेट म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आधी भट्टीचं सांगतो, कारण तिच्याबद्दल ऐकीव गोष्टी फार फिरतात. पावडर म्हणजे कोरडी बारीक भुकटी, तिच्यात थिनर नसतं. बंदुकीतून निघताना तिला विजेचा भार मिळतो, चाक अर्थिंगला जोडलेलं असतं, म्हणून ती चाकाला ओढली जाऊन बसते. मग भट्टीत वितळून एकजीव होते आणि कडक होते. नेहमीच्या पॉलिस्टर पावडरला धातू 200 अंशांना पोहोचल्यावर साधारण 10 मिनिटं द्यावी लागतात, 180 ला ठेवलं तर जास्त. धातू 200 ला पोहोचल्यावर, हे लक्षात घ्या. भट्टीच्या काट्यावर 200 दिसलं म्हणजे चाक तेवढं तापलं असं नाही, चाकाच्या मधल्या जाड भागाला वेळ लागतो. कच्ची भाजलेली पावडर वरून छान दिसते आणि पहिल्या खडीला टवका देते.

आता अलॉय कमजोर होण्याचं. त्या काळातली ओतीव चाकं बहुतेक अॅल्युमिनियमची, त्यात 7 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम. ओतल्यावर ती 540 अंशांच्या आसपास तापवतात, झटकन थंड करतात आणि मग 155 ते 170 अंशांच्या दरम्यान काही तास ठेवतात. चाकाची ताकद या शेवटच्या टप्प्यात येते. तेच चाक पुन्हा 200 वर नेलं की तो टप्पा थोडा पुढे सरकतो. एकदा, वेळ धरून, भट्टीवर नजर ठेवून केलं तर घाबरण्यासारखं काही नाही. कित्येक कारखान्यांत नव्या अलॉयवर पावडरचा थर याच रीतीने भाजतात. पण रंग पसंत नाही पडला म्हणून पुन्हा, मग क्लिअर फाटलं म्हणून पुन्हा, अशी तीच चाकं भाजत राहणं मला मान्य नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि गिऱ्हाईक तो कधी विचारत नाही. जुना रंग काढायचा कसा? काही ठिकाणी रंग जाळून काढायची भट्टी असते. तिच्यात तापमान 350 ते 400 अंशांच्या पुढे जातं. स्टीलचे गेट, ग्रिल, स्टीलच्या रिम तिच्यातून काढतात, स्वस्तात काम होतं. अलॉय तिच्यात गेलं की वर सांगितलेली सगळी ताकद वाया. चाक बाहेर येतं तेव्हा दिसायला जसंच्या तसं असतं. पुढे खड्ड्यात आपटलं की वाकतं. म्हणून काम द्यायच्या आधी एवढंच विचारा: अलॉयचा जुना रंग कसा काढता? "केमिकलने" किंवा "बारीक मीडियाच्या ब्लास्टिंगने" (म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून) असं उत्तर आलं तर पुढचं बोला. केमिकल म्हणजे कॉस्टिक मात्र नको, ते अॅल्युमिनियम खातं. आणि ब्लास्टिंगला स्टीलची ग्रिट नको. तिचे कण मऊ अॅल्युमिनियमात रुततात आणि पुढे तिथूनच खराबी सुरू होते. काचेचे मणी, प्लास्टिक मीडिया किंवा बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइड चालतं.

तुमच्या अलॉयच्या खरवडलेल्या कडा हा पुढचा मुद्दा. खोल घाव पुट्टीने भरावे लागतात, आणि बॉडीची नेहमीची पॉलिस्टर पुट्टी 200 अंशांत टिकत नाही. ती तडकते, फुगते. धातूची भुकटी घातलेली, उष्णता सोसणारी पुट्टी मिळते, पण काठावरच्या बारीक घडाईला मी तिच्यावर विसंबत नाही. जुन्या ओतकामाची आणखी एक खोड आहे. धातूत सूक्ष्म भोकं असतात आणि वर्षानुवर्षांचं ग्रीस, ब्रेकची काजळी त्यांत मुरलेली असते. ब्लास्ट करून पांढरंशुभ्र झालेलं चाक मी आधी नुसतं भट्टीत घालतो. बाहेर काढल्यावर मधल्या जाड भागाच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या बेचक्यात काळपट तेलकट ठिपके उमटलेले दिसतात. पुसायचं, पुन्हा तापवायचं, ठिपके यायचे थांबले की मगच पावडर. ही पायरी गाळली तर त्याच तेलकटाचा वायू पावडर वितळताना वर येतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतो. पुढे प्रत्येक भोकातून पाणी आत.

म्हणून अलॉयसाठी माझा सल्ला मिश्र कामाचा. खालपासून साफ, वायू काढून घ्या, त्यावर इपॉक्सी पावडरचा प्रायमर एकदाच भाजून. त्या प्रायमरवर पुट्टी, घासकाम, मग चंदेरी रंग आणि टू-के (हार्डनर मिसळून मारायचा, दोन घटकांचा) क्लिअर हे सगळं पातळ पेंटने. पावडर एकदाच भाजावी लागते आणि पुट्टी भट्टीत जात नाही. दिसायला मूळच्या जवळ जातं, कारण मूळचा चंदेरी पातळ रंगच होता. पावडरमध्ये धातूची चमक येते, पण तिचा दाणा वेगळा दिसतो. शिवाय ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, थोडा राहतोच.

स्टीलच्या रिमना माझं मत सरळ आहे: पावडर. रोजची गाडी, खडीचा रस्ता, तिथे पावडरचा चिवटपणा कामाला येतो. स्टीलला 200 अंशांनी काही होत नाही.

ब्रश_आणि_बंदूक

भट्टीवाल्यांचं अलॉयबद्दलचं सगळं पटलं. स्टीलबद्दल पटलं नाही, आणि त्याचं कारण मी रोज हातात धरतो.

माझं काम जुन्या गाड्यांच्या रंगकामाचं. पावडर मारलेल्या, काही पावसाळे पाहिलेल्या स्टीलच्या रिम माझ्याकडे येतात. लांबून चकाचक. जवळ घेतलं की कडेला कुठेतरी खडी लागून ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडालेला असतो. त्या टवक्यात नख घालून उचललं की पावडरचा थर वहीचं प्लास्टिकचं कव्हर सोलावं तसा सलग निघत येतो, आणि खाली तळहाताएवढा तांबडा गंज पसरलेला. वरून एक फुगा नाही, डाग नाही. पाणी टवक्यातून आत शिरलं आणि थराखालून सरकत गेलं. पातळ रंगाखालीही गंज पसरतो, पण तिथे रंग लवकर फुगतो, लवकर दिसतो, आणि तेवढाच भाग घासून परत मारता येतो. पावडरचा टवका तसाच्या तसा पुन्हा भरता येत नाही. वरून पेंट लावाल, पण मग पावडर मारल्याचा फायदा काय उरला?

दुसरं, स्टीलची रिम एका तुकड्याची नसते. बाहेरचा गोल वेगळा, मधली तबकडी वेगळी, दोन्ही वेल्डिंगने जोडलेल्या. वेल्डचे टाके सलग नसतात, दोन टाक्यांमध्ये फट राहते. जुन्या रिमचा गंज तिथूनच सुरू होतो. ताई, तुमच्या आतल्या बाजूचे पोपडे नीट बघा, बहुधा त्याच जोडाच्या रेषेवर असतील. आणि पावडरची अडचण नेमकी तिथे आहे. विजेचा भार कोपऱ्याच्या तोंडाशी अडतो, भुकटी खोल फटीत जात नाही. पातळ इपॉक्सी प्रायमर मात्र फटीत ओढला जातो. मी तो ब्रशने जोडाभोवती दोनदा फिरवतो, मग बंदूक धरतो.

माझी रीत अशी. टायर काढायचं, ब्लास्टिंग, हवेने फट साफ, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. उघडं स्टील रात्रभर ठेवू नये, दमट हवेत सकाळपर्यंत तांबूस होतं. आधी अॅसिडवाला एच प्रायमर आणि वर इपॉक्सी असं करू नका, खालचं आम्ल वरच्या इपॉक्सीला नीट बसू देत नाही. दोन्हीपैकी एक घ्या, आणि ब्लास्ट केलेल्या स्टीलवर मी इपॉक्सीच घेतो. त्यावर टू-के चंदेरी, अर्धवट चमकीचा. अगदी आरशासारखा चकाकणारा नको, जुन्या स्टीलच्या रिमवर तो उपरा दिसतो. एक फायदा असा की रिमवर ठोकलेले मापाचे आणि तारखेचे आकडे पातळ रंगात वाचता येतात. पावडरच्या जाड थरात ते बुजतात. जुन्या गाडीचं प्रेम असलेल्या माणसाला हे आकडे हवे असतात.

घरी डब्याने रंगवायचं असेल तर साधा एका घटकाचा डबा घेऊ नका. ब्रेक ऑइलचा थेंब पडला की तो रंग मऊ होऊन निघतो. टू-केचे डबे मिळतात, खालचं बटण दाबलं की हार्डनर आत मिसळतो. पण त्यात आयसोसायनेट असतं. श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीराने धरलं की पुढे थोड्याशानेही त्रास होतो. कापडी मास्क याला उपयोगी नाही. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मुखवटा नसेल तर प्रायमर घरी करा आणि शेवटचा हात रंगवाल्याच्या बूथमध्ये मारून घ्या.

भट्टीवाला

जोडाची फट आणि टवक्याखालचा गंज, दोन्ही मान्य. मीही ते पाहिलंय. पण सोलून निघणाऱ्या त्या थराखाली बहुतेक वेळा प्रायमरच नसतो. ब्लास्ट केलं, थेट पावडर मारली, दिलं. झिंकवाला इपॉक्सी पावडर प्रायमर खाली असला तर टवका उडाल्यावर आधी झिंक झिजतं, स्टील वाचतं, गंज तसा पसरत नाही. दोन थर, म्हणजे काम वाढतं, म्हणून कित्येक जण ते सुचवतच नाहीत. फटीसाठी, भट्टीचं काम आटोपल्यावर आतून मेणाचा स्प्रे मारायचा, जो दाराच्या पोकळीत मारतात तो. मात्र तबकडी गाडीच्या हबला (चाक ज्यावर बसवतात त्या भागाला) टेकते तिथे आणि टायर बसतं तिथे मेण नको.

तरीही एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. रिम वरचेवर निरखून, टवका दिसला की लगेच भरणारं माणूस असेल तर ब्रश_आणि_बंदूक यांची रीत जास्त वर्षं जाईल. दुर्लक्ष होणार असेल तर झिंकवरची पावडर. तुम्ही कोणत्या, ते तुम्हीच सांगा ताई.

स्टेपनी_पाचवी

दोघांचे मनापासून आभार. आताच जाऊन पाहिलं, पोपडे खरंच वेल्डच्या जोडावरच आहेत, सगळ्या पाचही रिमवर त्याच जागी. मी दर रविवारी गाडी स्वतः धुते, त्यामुळे टवका दिसणार नाही असं होणार नाही. स्टीलच्या रिम पेंट करायचं पक्कं करतेय.

अलॉय धुताना एक दिसलं. एका चाकाच्या स्पोकच्या मागे, रिमला मिळतो तिथे, केसाएवढी काळी रेघ आहे. नखाला लागत नाही. ओरखडा असेल का? कोटिंगखाली झाकला जाईल असं म्हणून पुढे जाऊ का?

भट्टीवाला

नाही. तिथेच थांबा, आणि ते चाक गाडीला लावू नका.

स्पोक रिमला मिळतो ती ताण येण्याची जागा. तिथली केसाएवढी रेघ ओरखडा आहे असं धरून चालायचं नाही. रंग पूर्ण काढून डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्या. लाल द्रव लावतात, तो भेगेत मुरू देतात, वरचा पुसून टाकतात आणि पांढरं डेव्हलपर फवारतात. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ आपोआप उमटते. ओरखडा असेल तर लाल द्रव बहुधा पुसला जातो. एकाच नाही, चारही चाकांची करा, एवीतेवी रंग निघणारच आहे.

भेग निघाली तर ते चाक गेलं. वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतील. वेल्डच्या आजूबाजूला धातू इतका तापतो की वर सांगितलेली ताकद तेवढ्या पट्ट्यात संपते, आणि तो पट्टा येतो नेमका स्पोकच्या मुळाशी. कडेचा तुटलेला टवका भरणं वेगळं, स्पोकच्या मुळाशी वेल्ड वेगळं. माझ्याकडे भेग असलेलं चाक आलं तर मी कोटिंग करत नाही. नवा रंग चढला की पुढच्या माणसाला ती भेग दिसायचीच नाही.

पाना_नंबर_17

मी टायरच्या कामातला. रंगकामाचं या दोघांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण रंग झाल्यावर चाक माझ्याकडे येतं. तिथे काय अडतं ते आधीच सांगतो, नाहीतर केलेलं काम वाया जातं.

नट जिथे बसतो तो उतरता खड्डा कोरा ठेवा. पावडर असो की पेंट. नट आवळल्यावर जाड थर त्याच्याखाली दबतो, चुरतो, आणि पकड ढिली होते. टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) बरोबर आवळलेला नटही मग सैल मिळतो. तीच गोष्ट चाक हबला टेकतं त्या मागच्या तोंडाची आणि मधल्या भोकाची. रंगवणाऱ्याला सांगताना "मास्किंग करा" एवढं म्हणून भागत नाही, बोट ठेवून दाखवा: हे खड्डे, हे मागचं तोंड, हे मधलं भोक. पावडरला उष्णता सोसणारे सिलिकॉनचे बूच आणि टेप लागते. साधी मास्किंग टेप भट्टीत टिकत नाही.

टायरची कड बसते त्या भागावर पातळ, सारखा थर चालतो. खाली गंजाचे खड्डे तसेच ठेवून वर थर चढवला असेल किंवा पावडर ओघळून जाड झाली असेल तर तिथून हवा जात राहते. गिऱ्हाईक म्हणतं पंक्चर आहे, आणि टायरला काहीच नसतं. व्हॉल्व्हच्या भोकाची कडही गुळगुळीत हवी. व्हॉल्व्ह नवे घाला, जुने परत लावू नका.

ताज्या पेंटवर लगेच टायर चढवू नका. वरून सुकलेलं दिसतं, पण मशीनच्या पकडीखाली ठसा उमटतो. रंगवाल्याने सांगितलेले दिवस पूर्ण जाऊ द्या. भट्टीतून निघून गार झालेली पावडर लगेच चालते, तेवढा तिचा फायदा. अलॉयला काठावर ठोकायची बॅलन्सिंगची वजनं लावू देऊ नका, तिथूनच क्लिअर उचलतं आणि तुमच्या त्या पांढऱ्या नागमोडी रेघा सुरू होतात. आतून चिकटवायची वजनं मागा.

स्टेपनी_पाचवी

पाना_नंबर_17, नटच्या खड्ड्याचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. एक शंका: खड्डे आणि मागचं तोंड कोरं ठेवलं तर तिथे गंज येणार नाही का? स्टीलच्या रिमबद्दल विचारतेय.

पाना_नंबर_17

थोडी तांबूस छटा येते, ती चालते. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, तिथे पोपडे धरण्याइतका गंज लवकर येत नाही. हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा, जुन्या गंजाचा खडा राहिला तर चाक तिरकं बसतं आणि स्टिअरिंग थरथरतं. मधल्या भोकाभोवती, हबच्या उंचवट्यावर, बोटाने पुसल्याइतकं पातळ ग्रीस लावा म्हणजे चाक चिकटून बसणार नाही. नटच्या खड्ड्याला आणि स्टडच्या (नट ज्यावर फिरतो त्या बोल्टच्या) आट्यांना ग्रीस अजिबात नको, तेवढ्याच टॉर्कला मग नट जास्त आवळला जातो.

नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर. 50 ते 100 किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावून बघा. स्टेपनीचीही रिम रंगवून आलेली असणार, ती कधी लावायची वेळ आली तर तिलाही हाच नियम.